चिंचझरीच्या किल्ल्या

"गावात माणसं किती, बाई?"

"आजची सांगू, की खरी?"

धोंगडे साहेबांनी मोटारसायकल बंद केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ते पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर होते. मास्तरणीनं आपल्यालाच उलटा प्रश्न विचारावा, हे त्यांना आवडलेलं नव्हतं.

"आजचीच सांगा. खरी-खोटी आम्ही बघू."

"आज चौसष्ट," मी म्हटलं. "माझ्यासकट."

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. चिंचझरी हे बीडकडचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. दिवाळी सरली की ते रिकामं होई. मुकादमाच्या ट्रका येत आणि बाया-बाप्ये, लेकरं, शेळ्या, तवे-पराती असं सगळं गाव त्यात चढून साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जाई. परत येई ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. मागे उरत म्हातारे, त्यांच्याजवळ ठेवलेली थोडी पोरं आणि कुलपं लागलेली दारं. माझ्या हजेरीपटावर बासष्ट नावं होती आणि समोर बसत नऊ.

मी चोवीस वर्षांची, अंबाजोगाईहून आलेली. पहिलीच नोकरी, शाळा एकशिक्षकी. निघताना आईनं बजावलं होतं की तोंड जरा आवर. ते काही मला जमलं नाही. पण जिथं उघडायला हवं होतं तिथं मात्र ते नेमकं मिटलं.

धोंगडे साहेबांनी छापील तक्ते माझ्या टेबलावर ठेवले. धरणाचं पाणी नळानं तालुक्याला न्यायचं ठरलं होतं. नळ एकच आणि वाटा दोन. एक डोंगराकडेनं, चिंचझरीवरून. दुसरी सडकेनं, सहा किलोमीटरवरच्या देवगव्हाणवरून.

"सोपा हिशेब आहे," ते म्हणाले. "ज्या बाजूला माणसं जास्त, त्या बाजूनं लाईन. देवगव्हाणची मोजून झाली, सहाशे दहा. तुमची तुम्ही भरा."

मी तक्ता वाचला. तिसऱ्या रकान्यात छापलं होतं, 'प्रत्यक्ष हजर व्यक्ती'. तळाशी एक ओळ होती, 'याव्यतिरिक्त गावात वस्ती नाही', आणि तिच्याखाली सहीची जागा.

"साहेब, तुम्ही पाडव्यानंतर या ना मोजायला. आठशेच्या वर माणूस दाखवते तुम्हाला."

"आराखडा फेब्रुवारीत मुंबईला जातो. सरकार काय पाडव्याची वाट बघणार?"

घोडं पेंड खात होतं ते इथंच. मी एका पोराला पिटाळलं आणि रंभाजीला बोलावणं धाडलं.

रंभाजी गर्जे चाळिशीचा असेल. सहा वर्षांपूर्वी उसाची गाडी उलटून त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला होता. तेव्हापासून तो काखेत काठी घेऊन गावातच राही. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते आणि तिला म्हणतात एक कोयता. रंभाजी घरी, म्हणून त्याची बायको केशर 'अर्धा कोयता' होऊन भावाच्या टोळीत जाई आणि नऊ वर्षांच्या जनीला सोबत नेई. जनी माझ्या तिसरीच्या वर्गातली. अक्षर असं की मी इतर पोरांना तिची पाटी दाखवायची.

रंभाजी आला तो खांद्यावर किल्ल्यांचा जुडगा घेऊनच. गाव जाताना आपापल्या घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून जाई. सुट्टीला घरी जाताना माझ्या खोलीची किल्ली मीही त्याच्याकडेच देत असे. प्रत्येक किल्लीला सुताडाची दोरी, आणि दोरीला गाठी.

"ह्ये बघा सायेब," त्यानं जुडगा टेबलावर ठेवला. "येकशे एकोनचाळीस घरं. जितकी मानसं गेली तितक्या गाठी. लेकराची बारीक, मोठ्याची मोठी. मानूस परत आलं की त्याची गाठ म्या सोडतो."

"आणि परत नाही आलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर ऱ्हाती तशीच."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी दोन-चार किल्ल्या उचलून पाहिल्या, गाठींवरून बोट फिरवलं.

"गाठी काही फायलीला लावता येत नाहीत, गर्जे. असं करा. प्रत्येक घरच्या कर्त्याचा अंगठा आणा आणि शेजारी घरातल्या माणसांचा आकडा. बाईंनी खाली सही करायची. मग मी तो आकडा धरायला लावतो. पुढच्या गुरुवारी येतो मी."

"अंगठेवाले दीडशे कोसावर आहेत!" मी म्हटलं.

"मग मी काय करू, बाई?"

ते गेल्यावर आम्ही शाळेच्या फरशीवर किल्ल्या पसरून मोजायला बसलो. रंभाजीला एकही किल्ली विचारावी लागली नाही. "ही भिवा आंधळ्याची, सात. ही सुंदराची, चार, त्यात एक तान्हं. ही नारायनाची, नऊ." मी पाटीवर आकडे मांडत गेले. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा बेरीज झाली सातशे त्र्याऐंशी. चौसष्ट मिळवले की आठशे सत्तेचाळीस. देवगव्हाण दोनशे सदतीस माणसांनी मागे पडत होतं.

रंभाजी बराच वेळ पाटीकडे बघत बसला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बघत बसला.

"बाई, पानी आलं तर म्या दोन म्हशी बांधीन. आत्ता बांधल्या तर पाजू काय? दूध सडकंला घालता येतंय. मंग केशरला जायचं काम न्हाई. आन् जनी तुमच्याकडं राह्यली तर ती शिकंल का हो?"

"जनी? तिला मी मास्तरीण करीन."

असं बोलायची मला फार हौस.

"मंग जातो म्या," तो म्हणाला. "गुरुवारच्या आत येतो. तवर तुमी त्यो तक्ता धरून ठिवा."

"ठेवते."

"सबूद?"

"शब्द, रंभाजीभाऊ."

मी त्याला शाळेचं शाईचं पॅड दिलं आणि हजेरीपटाची मागची कोरी पानं फाडून दिली. सरकारी हजेरीपट फाडणं हा गुन्हा होता, पण त्या दिवशी मी शूर होते. शुक्रवारी पहाटे तो काठी टेकत सडकेकडे निघाला. सहा किलोमीटर चालायला त्याला अर्धा दिवस लागणार होता.

आता माझं सांगते. त्या गावात मला भीती वाटायची. कुलपं लागलेल्या गल्लीतून घागर घेऊन जायचं, दीड मैल खाली झऱ्याच्या विहिरीवर उतरायचं, वाटीनं पाणी भरायचं आणि परत चढायचं. वाटेत कुणी बोलायला भेटत नसे. एकदा पाय घसरून घागर फुटली तेव्हा मी तिथंच बसून रडले होते, घागरीसाठी नव्हे. रंभाजी गेल्यावर तर गावात हाक मारायलाही कुणी उरलं नाही. मी दिवस मोजत होते.

बुधवारी सकाळी अकराला मोटारसायकल वाजली.

"बैठक एक दिवस अलीकडं आलीय," धोंगडे साहेब उभ्या उभ्याच म्हणाले. "द्या तक्ता."

"साहेब, गुरुवार ठरला होता. रंभाजी उद्या येईल."

"येईल? एका पायावर?" त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "बाई, तुम्ही शहरातल्या. ही माणसं बाजारला गेली तर चार दिवसांनी येतात. मी बैठकीत काय सांगू, लंगडा गाठी घेऊन येतोय म्हणून? तक्ता कोरा गेला तर 'शिक्षिकेनं सहकार्य केलं नाही' असा शेरा पडेल. तुम्ही अजून कायम झाला नाहीत ना?"

"नाही."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. माझी कोपऱ्यातली घागर पाहिली, पाटावरची चुंबळ पाहिली.

"पाणी तुम्हीच आणता?"

"मग कोण आणणार?"

"देवगव्हाणच्या शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होतेय. सडकेवरचं गाव आहे, एस.टी. आहे. पंचायत समितीत माझी ओळख आहे. घालू का कानावर?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. टाक घेतला, तिसऱ्या रकान्यात चौसष्ट लिहिलं, आणि 'याव्यतिरिक्त गावात वस्ती नाही' या ओळीखाली सही केली. सही छान आली. साहेबांनी फुंकर मारून शाई वाळवली, तक्ता पिशवीत घातला आणि जाताना माझ्या नऊ पोरांना टाटा केला.

रंभाजी गुरुवारी आला. सकाळी साडेनऊला, पोरं प्रार्थना म्हणत असताना. काखेत काठीनं जखम झाली होती, सदऱ्यावर रक्त वाळलेलं होतं. चेहरा मात्र लग्नघरातून आल्यासारखा.

"समदी घावली, बाई! दोन कारखान्यांवर पसरली व्हती. रानारानातनं फिरलो. येका मुकादमानं तर बैलगाडीतनं फिरवलं. शाई सरली मंग दिव्याची काजळी लावली." त्यानं सदऱ्याच्या आतून पानं काढली. हजेरीपटाच्या आखलेल्या रकान्यांत अंगठे उमटलेले होते. काही निळे, काही काळे, काही अंगठे उसाच्या पाचटानं इतके चिरलेले की रेषांऐवजी भेगाच उठल्या होत्या. "ह्ये शेवटचं वाचा. लई हट्ट केला तिनं. म्हनली, मला सही येती, म्या अंगठा लावनार न्हाई."

शेवटच्या पानावर, सगळ्यांच्या खाली, पाटीवरच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जनाबाई रंभाजी गर्जे. इयत्ता तिसरी. चिंचझरी. हजर.' कागद हजेरीपटाचा, मग पोरीला वाटलं असेल, हजरच लिहायचं.

"सायेब येनार ना आज?"

मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. "ते काल येऊन गेले, भाऊ. बैठक अलीकडं आली."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच तो म्हणाला, "मंग आता?"

"मी जाते तालुक्याला. हा कागद त्यांच्या हातात देते. अजून आराखडा मुंबईला गेलेला नाही. दुरुस्ती करता येते."

हे खोटं नव्हतं. दुरुस्ती खरंच करता येत होती.

शुक्रवारी मी पोरांना सुट्टी दिली आणि पानं पर्समध्ये घालून तालुक्याला गेले. संध्याकाळच्या गाडीनं परतले. सडकेवर रंभाजी उभा होता, माझी वाट बघत. मी एकटी बाई अंधारात पडेन म्हणून तो सहा किलोमीटर मला घ्यायला आला होता.

"दिला का, बाई?"

"दिला."

"काय म्हनले?"

"बघतो म्हणाले."

तो हसला आणि माझी पर्स त्यानं मागून घेतली. गावापर्यंत तीच खांद्याला लावून तो माझ्यापुढं चालला.

मे महिन्यात मी सुट्टीला अंबाजोगाईला गेले, नेहमीसारखी खोलीची किल्ली रंभाजीकडे देऊन. सुट्टीतच बदलीचा हुकूम आला. जूनमध्ये मी परस्पर देवगव्हाणला रुजू झाले. भांडीकुंडी एका गाडीवानानं आणून दिली. चिंचझरीला मी परत गेले नाही.

शहाऐंशी साली देवगव्हाणला नळ आला. आधी चौकात एक तोटी, मग घरोघर. तोटीच्या शेजारी चहाचं हॉटेल झालं, हॉटेलाशेजारी गॅरेज, मग दुधाचं शीतकेंद्र, मुलींचं हायस्कूल, दवाखाना. शेतांचे प्लॉट पडले. मीही एक घेतला, शिक्षक कॉलनीत. लग्न इथंच झालं, मुलगा इथंच शिकला. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, मी तर पोट भरून प्याले.

चिंचझरीचं मात्र त्या चौसष्टानं वाटोळं केलं. पुढं एस.टी. मागितली, तर फायलीत आकडा निघाला चौसष्ट. आरोग्य उपकेंद्र मागितलं, चौसष्ट. सडक मागितली, पुन्हा तेच. एका साहेबानं लिहिलेलं पुढचा साहेब उतरवून घेत गेला. पाणी नाही म्हणून माणूस राहीना, आणि माणूस राहत नाही म्हणून पाणी येईना. माझी शाळाही बंद पडली. दहा-बारा वर्षांत टोळ्या पाडव्याला परतेनाशा झाल्या. कोण कारखान्यामागे राहिलं, कोण पुण्याकडे गेलं, कोण आमच्याच देवगव्हाणच्या कडेला पत्रे ठोकून राहिलं.

पहिली दोन वर्षं रंभाजी मंगळवारच्या बाजाराला आला की शाळेच्या फाटकाशी थांबे.

"बाई, त्या कागदाचं काय कळलं का?"

"नाही हो, भाऊ. सरकारी काम."

"बराबर हाये. तुमी तरी काय करनार."

नळ आमच्या गावाला आल्यावर त्यानं विचारणं सोडून दिलं. नमस्कार मात्र करत असे.

जनी आली ती दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. दारात सत्तेचाळीस वर्षांची एक बाई उभी होती, हात उसानं कापलेले, केस पिकलेले. मी ओळखलं नाही.

"बाई, म्या जनी. रंभाजी गर्ज्याची."

मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. ती खालीच बसली. मी नळाखाली तांब्या भरला आणि फुलपात्रासह तिच्यापुढं ठेवला.

"नाना गेले," ती म्हणाली. "तेरावा झाला परवा."

तिनं पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या पायाशी ठेवला. किल्ल्या गंजून लाल झाल्या होत्या. दोऱ्या काळ्या पडल्या होत्या. गाठी तशाच.

"घरं पडली बाई, दारं गेली, कुलपं गेली. पर नाना ह्ये सोडनात. रोज खालीवर करायचे. माय तिकडं फडावरच्या पाचटाच्या कोपीतच तापानं गेली, म्या तेरा वर्षांची व्हते तवा. तिची गाठ बी न्हाई सोडली त्यांनी. जाताना म्हनले, ह्या किल्ल्या बाईला द्या. बाईनी मोजल्यात ह्या. दुसऱ्या कुनाला कळायच्या न्हाईत."

मी वाकून जुडग्यावरची एक गाठ चाचपली.

"आन् अजून म्हनले," तिनं पदरानं तोंड पुसलं, "सरकारनं न्हाई आयकलं, पर बाईनी आपला कागद दिला व्हता. आपल्यासाठी इतकं कुनी केलं न्हाई."

अडतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. त्या शुक्रवारी तालुक्याच्या कचेरीत मी बाकावर अर्धा तास बसले होते. पर्समध्ये कागद होता. तो द्यायचा म्हणजे काय सांगायचं? की वस्ती नाही म्हणून परवा सही केली, ती खोटी होती, आणि हे ठाऊक असून केली. मग नोकरी? मग देवगव्हाण? कारकुनानं हाक मारली, "या बाई, साहेब बोलावतात." मी आत गेले. धोंगडे साहेब म्हणाले, "बोला." आणि मी म्हणाले, "काही नाही साहेब, इकडं आले होते. माझ्या बदलीचं लक्षात आहे ना, तेवढं विचारायचं होतं."

मी उठले. कपाट उघडलं, साड्यांच्या खालून ती पानं काढली आणि जनीच्या हातात दिली.

तिसरीनंतर ती शाळेत गेली नव्हती. एकेका रेघेवर बोट ठेवून ती वाचत गेली. अंगठ्यांवरून तिचं बोट फिरत होतं. काही ठिकाणी ते थांबे आणि ओठ हलत. शेवटच्या पानाशी आल्यावर बोट थांबलं ते थांबलंच.

"ह्ये म्या लिव्हलंय," ती म्हणाली.

"हो."

"ह्यो त्योच कागद?"

"तोच, जने. मी दिलाच नाही."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते, मला ते हवंच होतं. तिनं पानांची जुनीच घडी पुन्हा घातली आणि पिशवीत ठेवली.

"नाना होते तवर दावला न्हाई," ती म्हणाली, "ह्ये चांगलं केलं."

मग तिनं जुडगा परत आपल्याकडं ओढला. एकेक किल्ली बाजूला सारत ती काहीतरी शोधत होती. सापडली तेव्हा तिनं ती उजेडाकडं धरली. लहानशी पितळी किल्ली होती, माझ्या खोलीची. सुताडाच्या दोरीला एक गाठ, मोठी.

"ही तुमची. नाना म्हनायचे, बाई सुट्टीला गेल्यात. आल्या की सोडू."

दातांनी तिनं दोरी जुडग्यापासून तोडली आणि माझी किल्ली तांब्याशेजारी फरशीवर ठेवली.

"बाकीच्या म्याच ठिवते," ती म्हणाली. "आमच्या हायत त्या."

ती उठली. मी म्हटलं, "जने, पाणी तरी पी." तिनं तांब्याकडे पाहिलं. "तहान न्हाई, बाई," म्हणाली आणि पायरी उतरून गेली. फेब्रुवारीचं ऊन होतं, आणि ती बसथांब्यावरून चालत आली होती.

किल्ली माझ्याकडेच आहे. गाठ मी बरेचदा सोडवून पाहिली, सुईनंही पाहिली. ती सुटत नाही.